दी म्हणजे चांगली

अक्षराच्या उच्चारावरून त्याचे चारित्र्य ठरवणाऱ्या लोकांना मी आयुष्यभर व्याकरण शिकवले. त्याचे फळ काय मिळाले, हे हिया चुइच्या दुकानात पाहायला मिळाले असते.

संगणकाच्या पडद्यावर दोन कप्पे दिसतात, 'सी' आणि 'डी'. आमच्या जिभेवर 'डी'चा 'दी' होतो, आणि थाई भाषेत 'दी' म्हणजे चांगले. राहिला 'सी'. आमच्या पाक नाम फो शहरातल्या निम्म्या घरांचे आजे तेओचिउ बोली बोलत चीनमधून आले. त्यांच्या बोलीत सूर जरासा चढवला की 'सी' म्हणजे मेला. एवढ्या भांडवलावर सगळ्या बाजाराने एक शास्त्र रचले होते: सीमध्ये काही ठेवू नये, ती मरणारच; दीमध्ये ठेवावे, ती चांगली. हिया चुइ या शास्त्राचा महंत होता.

हिया म्हणजे थोरला भाऊ. चिनी वळणाच्या प्रत्येक दुकानदाराला आमच्याकडे तसेच म्हणतात. चुइ म्हणजे पाणी. हा मनुष्य नदीवरच्या तराफ्याच्या घरात जन्मला, म्हणून आईबापांनी नाव शोधायचे कष्ट घेतले नाहीत. तरुणपणी तो छापखान्यात शिशाचे खिळे जुळवीत असे. छापखाना बंद पडल्यावर त्याने बाजाराच्या गल्लीत झेरॉक्स आणि लॅमिनेशनचे दुकान टाकले, लग्नपत्रिका छापल्या, आणि हळूहळू एकाच कामात त्याचे नाव झाले: दहनाच्या दिवशी वाटायची पुस्तके. मृताचे चरित्र, मुलांच्या चार आठवणी, शेवटी थोडा धर्मोपदेश किंवा मृताच्या हातच्या पदार्थांच्या कृती, आणि पहिल्या पानावर भलामोठा फोटो. मजकूर घरचे लोक लिहीत, मी तपासून देई आणि हिया चुइ माझ्या तांबड्या खुणांकडे बघून स्वतःला हवे तेच छापी.

"हिया, 'मनमिळाऊ' हा शब्द एका पानावर चार वेळा आलाय."

"आजान, माणूस मनमिळाऊच होता."

"मी ओळखत होतो त्याला. शेजाऱ्याशीसुद्धा बोलायचा नाही."

"म्हणून तर चारदा लिहावं लागलं."

आजान म्हणजे गुरुजी. हे संबोधन माणसे माझे ऐकायचे नसते तेव्हाच वापरतात.

संगणकाचा डबा त्याने जमिनीवरच्या तांबड्या देव्हाऱ्याला अगदी खेटून ठेवला होता. त्यात घराची जमीन राखणारा म्हातारा देव बसतो. त्याची नजर असली की डब्याला काही होणार नाही, असा हिशेब. सकाळ-संध्याकाळ उदबत्त्या. राख उडून डब्याच्या पंख्यात जाई, आणि पंखा दम्याच्या रोग्यासारखा घरघरत राही. डबा चुलीसारखा तापतो, हे मी त्याला बोललो होतो. "देवाशेजारी ऊब असायचीच," असे उत्तर मिळाले.

महापुरात पाणी दारांच्या चौकटीपर्यंत चढले, तेव्हा या मनुष्याने आधी देव, मग डबा असे दोघांना डोक्यावरून माडीवर नेले. झेरॉक्सचे यंत्र बुडाले, त्याबद्दल तो चकार शब्द बोलला नाही. पाणी ओसरल्यावर घराघरांच्या भिंती कोऱ्या झाल्या होत्या. आईबापांचे फोटो चिखलात लगदा होऊन पडलेले. मग कुणाला तरी आठवले की बापाच्या पुस्तकासाठी फोटो हिया चुइने संगणकात घेतला होता. गल्लीत रीघ लागली.

"हिया, आमचे बाबा आहेत का हो तुमच्याकडे?"

"आहेत की. दीमध्ये आहेत. कोणते बाबा? टोपीवाले की सायकलवाले?"

त्या दिवसांपासून त्याची चाल बदलली. साऱ्या शहराचे मेलेले आपल्याकडे सुखरूप आहेत, हे त्याच्या खांद्यांवरून दिसू लागले. खबरदारी म्हणून तो प्रत्येक चेहरा दोनदा ठेवी, एकदा सीमध्ये आणि एकदा दीमध्ये. "एक गेली तरी दुसरी आहे," म्हणे. ज्या दुकानदाराने हा संगणक विकला, त्याने ते दोन कप्पे आधीच पाडून दिले होते, आणि ते म्हणजे काय, हे सांगण्याची तसदी घेतली नव्हती. आमच्याकडे विकणारा सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही. याला सौजन्य म्हणतात.

बाजारात माशाचे गोळे विकणारी बुप्फा आपल्या साठीच्या वर्षी स्वतःहून त्याच्याकडे आली होती. हातात एक फोटो. त्यात ती तोंड उघडे टाकून, डोळे मिटून हसत होती. कुणीतरी नक्कीच चावट काहीतरी सांगितले असावे.

"मेल्यावर हाच लावायचा," तिने बजावले. "ओळखपत्रावरचा लावलास तर परत येईन. त्यात मी चोरीच्या आरोपातली दिसते."

"पण देवळात एवढं हसणं बरं दिसेल का गं?" हिया चुइ म्हणाला.

"मग तू रड. मी हसते."

फोटो दीमध्ये गेला. मूळ प्रत पुरात गेली. बुप्फाने तिची फिकीर केली नाही. फोटो चांगल्या जागी होता.

गेल्या उन्हाळ्यात संगणक पहिल्यांदा सुरू होईना. मोठ्या बाजारातला एक दुकानदार आला, त्याने सीवरचे सारे पुसून तिथे नव्याने सगळी मांडणी केली, आणि दी उघडून दाखवली. सगळे चेहरे जागच्या जागी. हिया चुइने गल्लीभर पेढे वाटायचेच बाकी ठेवले. "सी मेली, दी वाचली! बघा आजान, नावातच आहे!" डबा असा एकाएकी का अडखळला, हे त्याने विचारले नाही. मी विचारले, दुकानदार म्हणाला, "वीज सारखी येते-जाते ना, तेवढंच." पंख्यातल्या राखेकडे त्याने पाहिलेही नाही.

आणि मग बुप्फा गेली. शवपेटी देवळात ठेवली, भिक्षूंचे पठण सुरू झाले, शनिवारी दहन ठरले. तिची मुलगी पिकुल गोळ्यांची हातगाडी तशीच उभी करून दुकानात आली. मी तिथे पुस्तकाचा मजकूर घेऊन बसलो होतो.

"हिया, आईचा फोटो. आज पेटीपुढं लावायचाय. नुसती चौकट ठेवलीये, लोक विचारतात कोण गेलं म्हणून."

हिया चुइने बटण दाबले. डब्यातून आवाज आला, टक्, टक्, टक्. बंद दारावर कुणी नखाने वाजवावे तसा. पडदा काळाच राहिला. त्याने बंद केले, सुरू केले. टक्, टक्. त्याने देवापुढे तीन उदबत्त्या लावल्या आणि पुन्हा सुरू केले. आता टकटकीमागून एक बारीक खर्र असा आवाज येऊ लागला.

"बंद करा तो," मी म्हणालो.

"गरम होतोय, आजान. थंडीत गाडी नाही का दोन-चारदा ढकलावी लागत?"

एप्रिल महिना होता. तो दिवसभर बटण दाबत राहिला. बसे, उठे, दाराशी जाई, देवळाच्या दिशेने पाही, परत येऊन दाबे. पिकुल दर पठणानंतर पांढऱ्या कपड्यांत येऊन उभी राही, काळ्या पडद्याकडे बघे आणि जाई.

दुसऱ्या दिवशी मी थवातला घेऊन आलो. अयुथ्थयाच्या कारखान्यात त्याने अशाच हार्ड डिस्क जोडण्यात पंधरा-वीस वर्षे काढली होती. आता नदीकाठी पंखे-मिक्सर दुरुस्त करी. स्वभावाने कडू. मला बरा वाटायचा. त्याने डब्याला कान लावला, एकदाच सुरू करून लगेच वायर ओढली.

"किती वेळा लावलात हा?"

"लावला... थोडा."

"हिया, आत आरशासारखी चकती फिरते. तिच्यावरून वाचणारं टोक तरंगत जातं, केसाएवढंही अंतर नसतं. धक्का लागला, वीज गेली, उष्णतेनं काही वाकलं की टोक खाली बसतं. आणि तुम्ही सुरू केलंत की ते नांगरासारखं फिरतं. खर्र वाजलं ना, ती नांगरणी."

"सीमध्ये झालं असेल ते," हिया चुइ घाईने म्हणाला. "सी आधीच मेली होती. तू दी काढ. दी वेगळी काढून दे मला."

थवातने स्क्रू काढले, डब्याचे पत्र्याचे दार उघडले. राखेचा एक करडा थर सगळ्यावर पसरला होता. त्याने एक लोखंडी चपटी पेटी बाहेर काढून टेबलावर ठेवली. हिया चुइ खाली वाकला, डब्यात हात घालून चाचपू लागला.

"दुसरी कुठंय?"

"कसली दुसरी?"

"ही सी. दी कुठंय?"

थवातने माझ्याकडे पाहिले. मी नजर वळवली. काही प्रश्नांची उत्तरे दुसऱ्याच्या तोंडून बरी वाटतात.

"हिया, दुसरी नसतेच. हीच सी, हीच दी. एका खोलीत प्लायवूडचं पार्टिशन टाकलं की दोन भाऊ वेगळे झाले म्हणतात ना? तसं. एका बाजूची आवराआवर केली तर दुसऱ्या बाजूला धक्का लागत नाही, तेवढाच उपयोग. छप्पर एकच. ते कोसळलं की दोघांच्याही डोक्यात."

"पण मी दोनदा ठेवले होते. सगळे. दोनदा."

"एकाच घरात."

हिया चुइ त्या उघड्या डब्यापुढे तसाच उकिडवा बसून राहिला. दारात पिकुल उभी होती. तिने सगळे ऐकले होते.

"म्हणजे आई नाही?"

ती आत येऊन उघड्या डब्यापुढे उभी राहिली.

"पुरातून डोक्यावर कशाला वाहून आणलंत हे खोकं? आम्हाला काय सांगितलंत? चांगल्या जागी आहे! वा, हिया!"

रागात तिचा सूर घसरला, आणि आमच्या भाषेत एवढ्या घसरणीने थोरल्या भावाची घोरपड होते. याहून मोठी शिवी बाजारात नाही. हिया चुइने मान वर केली नाही. ती चुकून घसरली की जाणून, हे व्याकरण मी तपासले नाही.

थवात पेटी घेऊन बँकॉकला गेला. तिथे धूळ नसलेल्या खोलीत अशा पेट्या उघडणारा त्याचा एक जुना सोबती होता. आम्ही वाट पाहत बसलो. हिया चुइला बसवेना. तो गल्लीच्या तोंडाशी जाई, फोन कानाला लावून बघे की तो चालू तरी आहे का, आणि परत येऊन रिकाम्या डब्यातली राख फडक्याने पुसे. वाटेत भेटणारा प्रत्येक जण म्हणे, "हिया, आमचे बाबा तरी असतील ना?" तो म्हणे, "बघतोय." शहरातल्या कुणीही स्वतःच्या घरी एक प्रत ठेवली नव्हती. सगळ्यांनी आपापले मेलेले एका भोळ्या माणसाच्या माथी मारले होते आणि आता तेच त्याला जाब विचारत होते.

शुक्रवारी सकाळी फोन आला. हिया चुइने तो माझ्या हातात दिला.

"चकतीवरचा थरच खरवडला गेलाय," थवात म्हणाला. "आतून काच दिसतेय. बाकीची भुकटी. कुणीही काढून देणार नाही, आजान. त्यांना सांगा की उगाच इकडेतिकडे नेऊ नका."

मी सांगितले. मग आम्ही पिकुलकडे गेलो. तिच्या हातात आईचे ओळखपत्र होते.

"एवढंच राहिलंय," ती म्हणाली. "हे लावू? चोरीच्या आरोपातली?"

मी तिला सांगितले की तिच्या वडिलांच्या दहनाचे पुस्तक माझ्या माडीवरच्या कपाटात आहे आणि शेवटच्या पानावरच्या घोळक्यात तिची आई उभी आहे. हसते आहे.

"तो छापलेला फोटो, आजान," हिया चुइ फोन आल्यापासून पहिल्यांदाच बोलला. "ठिपक्यांचा. नखाएवढा. मोठा केला की नुसते ठिपके उरतात. मीच छापलाय."

"हसतेय का पण?" पिकुलने विचारले.

त्याने तो मोठा केला, उसन्या संगणकावर. हातभर अंतरावरून पाहिले तर कागदावर नुसती काळी मोहरी सांडलेली. नाक नाही, डोळे नाहीत. पिकुल तो हातात धरून रडकुंडीला आली. हिया चुइने तो तिच्याकडून घेतला, भिंतीला टेकवला आणि मागे मागे सरकू लागला. दुकानाबाहेर गेला, गल्ली ओलांडली, समोरच्या भाजीवाल्याच्या टोपल्यांत पाय अडखळला, तरी मागेच.

"पिकुल! इकडं ये. इथून बघ, ठिपके जुळले!"

ती गेली. मी गेलो नाही. मला पिकुलचा चेहरा दिसत होता, तेवढा पुरे होता.

शनिवारी चितेला तीन फेऱ्या झाल्या. पिकुलने ठिपक्यांच्या फोटोची चौकट छातीशी धरली होती. नंतर ती वर, शवपेटीच्या मागे, पोचता येणार नाही अशा उंचीवर टांगली. चंदनी फुले वाहायला माणसे चितेच्या चौथऱ्याच्या पायऱ्या चढू लागली. हिया चुइ अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, उन्हात, एकाच जागी उभा होता आणि येणाऱ्या प्रत्येकाला दंडाला धरून थांबवत होता.

"आधी इथून बघा. मग वर जा. वर गेल्यावर मान खाली घाला."

"अगंबाई," कोळणींतली एक म्हणाली, "बुप्फाच की! कुणी काय सांगितलंय हिला एवढं?"

काही जण त्याला टाळून सरळ पायऱ्यांकडे गेले. त्यांचे बापही त्या चकतीत होते. त्यांना त्याने अडवले नाही.

धूर निघू लागला तेव्हा पिकुल खाली उतरली आणि गर्दीतून वाट काढत त्याच्यापाशी आली. तिला त्याच्याशी बोलायचे नव्हते, हे उघड होते. ती वर चौकटीकडे पाहत होती.

"हिया, जरा सरका," ती म्हणाली.

तो सरकला, आणि ती त्याच्या जागी उभी राहिली.