शिमग्याला निघालेली मतं

आमच्या उमेदवाराला चाळीचा वास सोसत नसे. दादरचा वकील. सभेत टेबलावर मूठ आपटून मुंबई महाराष्ट्राचीच म्हणायचा आणि लालबागच्या जिन्यावर पाऊल टाकलं की रुमाल नाकाला. प्रचार कचेरीचा चिटणीस त्याच्यावर कडी. खुर्चीतून न उठता लढा चालवायचा आणि दर तासाला चहा मागवायचा. तिसरा नग मी. गिरगावातला, बी.ए.ला दोनदा आपटलेला, गिरणी कामगारांना शहाणं करायला निघालेला.

माझ्या वाट्याला एका चाळीतल्या तीन खोल्या आल्या. कोकणातल्या एकाच गावचे चाळीसेक पुरुष तिथं पाळीपाळीनं झोपत. मी नेमका दुपारी जायचो, रात्रपाळीवाल्यांना उठवून हुतात्म्यांवर बोलायचो. ते उशीवरून माझ्याकडे बघत राहायचे. मला वाटायचं, भारावले.

मतदानाला आठवडा असताना कळलं, की त्याच दिवशीची बोटीची तिकिटं सगळ्यांनी काढलीत. शिमगा. गावात पालखी नाचवायची. मी संतापलो. महाराष्ट्र मोठा की पालखी, यावर अर्धा तास झाडलं. शेवटी खोलीतला सगळ्यात म्हातारा, गिरणीतला जॉबर म्हणजे मुकादम, कूस बदलत म्हणाला, "झिला, तुझा झाला काय? माका रात्री गिरणीत जावचा आसा."

चिटणीसानं मला बजावलं, की ही चाळीस मतं पडली नाहीत तर कचेरीची पायरी चढू नकोस. मी छाती ठोकून म्हणालो, एकेकाला ट्रकमधून नेतो.

मतदानाच्या दिवशी ट्रक ठरला सकाळी सात वाजता. पण पताका कुठल्या बाजूला लावायच्या यावर चिटणीसानं आणि मी तासभर वाद घातला. नारळ फोडायचा राहिला, मग कोयता सापडेना. नऊ वाजता घोषणा देत आम्ही चाळीखाली पोचलो. तिन्ही खोल्यांना कुलपं.

कचेरीत परतून मी त्या लोकांचा उद्धार केला. नाचे म्हणालो, गावंढळ म्हणालो. यांच्यासाठी कुणी कशाला गोळ्या खाव्यात, असंही म्हणालो. ते आठवलं की आजही स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते. चिटणीस मान डोलावत होता. दिवसभर आम्ही दोघं तिथंच बसून चहा पीत जनतेला नावं ठेवत राहिलो.

संध्याकाळी त्या खोल्यांना जेवण घालणारी खानावळवाली मावशी दारात आली. मी वाटायला दिलेल्या मतदारांच्या नावांच्या चिठ्ठ्यांपैकी उरलेल्या परत द्यायला. म्हणाली, सगळे सातलाच ट्रंका डोक्यावर घेऊन मतदानाच्या शाळेत रांगेला उभे राहिले. रात्रपाळीवाले तर गिरणीतून थेट. आठला दार उघडलं, मतं टाकली आणि तसेच भाऊच्या धक्क्यावर. ते आत असताना ट्रंका तिनं राखल्या, मग स्वतःचंही मत टाकलं.

"मला कुणी सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"तू बोलूक खंय देतंस?" मावशी म्हणाली. "आणि तुझा मत?"

माझं मत गिरगावात होतं. भिंतीवरच्या घड्याळात साडेपाच वाजले होते. मतदान पाचला संपलं होतं. मी चिटणीसाकडे पाहिलं. त्याचं प्रभादेवीला. तो एकदम चहाच्या कपात काहीतरी शोधू लागला.