सरुआत्याचं माप

उज्वलाच्या हातचं ब्लाउज एकदा घातलेली बाई देवळाली कॅम्पात दुसऱ्या कुणाकडे शिवायला टाकत नाही. जीभ मात्र तिची कात्रीहून धारदार. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, केस गेले, तरी जीभ काही बोथट झाली नाही.

मग रक्त तपासलं आणि जनुकात दोष निघाला, पिढीजात. समुपदेशक शुभांगी मॅडम कागदावर घरातल्या माणसांची नावं मांडू लागल्या.

"आणखी कोणाला कॅन्सर?"

"कोणालाच नाही. काका, चुलतभाऊ, सगळे ठणठणीत."

"आणि आत्या?"

"आत्या कशाला? लग्न होऊन गेल्या, त्या त्यांच्या घरच्या."

मॅडम हसल्या. "दोष आडनाव बघत नाही हो. वडिलांकडूनही येतो. कोणाला काय झालं, कितव्या वर्षी, यावरूनच बाकीच्यांचा धोका किती ते ठरतं."

उज्वलाला सरुआत्या आठवली. ती पोट फुगून गेली होती. कावीळ झाली, असं सगळे म्हणाले होते.

घरी येऊन तिनं मापांच्या जुन्या वह्या उपसल्या. आत्या दर दिवाळीला ब्लाउज शिवून न्यायची. शेवटच्या, २०१४च्या पानावर आधीच्या वर्षापेक्षा दंड दीड इंच कमी आणि खालचा घेर तीन इंच जास्त होता. बाजूला उज्वलाच्याच अक्षरात लिहिलं होतं: 'आत्या सुटली, चिडवणे.'

तिला रडू कोसळलं. आत्या बहात्तरच्या दुष्काळातली, म्हणजे तेव्हा जेमतेम बेचाळीस.

"कागदपत्रं नाहीत, पण अंडाशयाचा कॅन्सर असू शकतो," वही बघून मॅडम म्हणाल्या. "त्यांच्यात दोष असेल, तर मुलीत असण्याची शक्यता निम्मी."

आत्याची मुलगी मैना तेहतीस वर्षांची. तिनं तीनदा फोन कापला, तेव्हा उज्वला थेट नाशकात द्वारकेला तिच्या घरी जाऊन धडकली.

"माझ्या आईला कावीळ झाली होती, ताई. नसतं झेंगट मागे लावू नकोस."

एरवी उज्वलानं चांगलं झापलं असतं. आज तिनं नुसती वही पुढे ठेवली. मैना आईच्या मापांवरून बराच वेळ बोट फिरवत बसली.

महिन्याभरानं मैनाचा रिपोर्ट आला. दोष होता. पण स्तन, अंडाशय, सगळं स्वच्छ होतं. नियमित तपासणी करायची, अंडाशयं कधी काढायची ते दोनेक वर्षांत डॉक्टरांशी बोलून ठरवायचं. आईला जो वेळ मिळाला नाही, तो मैनाला मिळाला होता.

दिवाळीच्या तोंडावर ती कापड घेऊन आली आणि हात पसरून उभी राहिली.

"घे माप, ताई. आणि चिडवायच्या आधी नीट बघ."