तळ्याची खोली

अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत आमचं लहानसं ऑफिस होतं. तळ्यात किती पाणी मावेल हे काढून द्यायचं आमचं काम. पाण्याच्या पातळीतून तळाची पातळी वजा केली की खोली मिळते. ती ठरावीक अंतरांवर काढत जायची आणि सूत्राने सगळ्याची बेरीज करायची. भांडुपचे एक काका वीस वर्षं हे हाताने करत होते.

मग ऑफिसने दुसऱ्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर तास भाड्याने घेतले. फोरट्रान या कॉम्प्युटरच्या भाषेत प्रोग्रॅम लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी गणितात पहिली आलेली, शहाणपणाला तोटा नव्हता. प्रोग्रॅममधल्या आकड्यांना सगळे इंग्रजी नावं देत, म्हणून मी मुद्दाम मराठी दिली. रोमन अक्षरांत पाणी, तळ आणि खोली. काकांना वाचून दाखवलं तर ते खूश झाले. "म्हणजे आता माका पण समजतला गो!"

चाचणीला मी पुस्तकातलं तळं घेतलं. तीन मीटर, चार मीटर, सगळे आकडे पूर्ण. उत्तर तंतोतंत आलं. पुढच्या खऱ्या तळ्याला मात्र मशीनचं उत्तर काकांपेक्षा बरंच कमी निघालं. त्याच्या पुढच्यालाही तसंच. काकांनी तीनदा पुन्हा हिशेब केला आणि तीनदा तेच उत्तर आणलं.

"काका, मशीन थकत नाही. वय झालं ना तुमचं," साहेब सगळ्यांसमोर म्हणाले. मी खाली मान घालून बसले. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं, आणि थोडं बरंही वाटत होतं. महिन्याभराने काकांनी राजीनामा दिला. त्यात स्वतःच्या हाताने लिहिलं होतं की माझ्याकडून चुका होऊ लागल्या आहेत.

पुढे एक उथळ तळं आलं, कुठेच मीटरभरही खोल नसलेलं. मशीनने उत्तर दिलं शून्य. मी प्रत्येक ठिकाणची खोली छापून घेतली. शून्य, शून्य, शून्य, पानभर. मी प्रोग्रॅम उघडून खोलीचं नाव पाहिलं. फोरट्रानमध्ये आय ते एन या अक्षरांनी सुरू होणारं नाव, वेगळं सांगितलं नाही तर, पूर्णांकाचं धरतात. रोमनमध्ये माझी खोली 'के'ने सुरू होत होती. पावणेतीन मीटरचे दोन होत होते आणि मशीन चकार शब्द काढत नव्हतं. डेप्थ लिहिलं असतं तर हे झालंच नसतं.

मी एक ओळ दुरुस्त केली. जुन्या तळ्यांची उत्तरं काकांच्या आकड्यांशी जुळली. साहेबांना म्हटलं, प्रोग्रॅम सुधारलाय, जुने आकडे बदलतील. त्यांनी काही विचारलं नाही.

रविवारी भांडुपला गेले. काकांच्या बायकोने दार उघडलं. त्या म्हणाल्या, चाळीतल्या मुलांना गणित शिकवायचे तेही बंद केलंय, आपल्याकडून चुकीचं शिकवलं जाईल म्हणून.

"काका, तुमचं बरोबर होतं," मी म्हटलं. "चूक माझी होती."

त्यांनी विचारलं, "आफिसात सांगितलंस काय गो?"

"नाही."

"मग उद्या सांग. सगळ्यांसमोर सांग."

मी हो म्हटलं. त्यांनी बायकोला चहा टाकायला सांगितलं, तो मी प्याले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेले आणि नव्या तळ्याचं काम घेऊन बसले.