दुसरा ज

वाकडच्या एका हॉटेलात आम्ही तिघं दर रविवारी चहावर भांडतो. तिघांनाही स्वतःची नवी भाषा बनवण्याचा नाद आहे. त्या दिवशी इंग्रजी 'नाइफ'मधल्या मुक्या 'के'वरून वाद चालला होता. "माझ्या भाषेत मराठीसारखा एका अक्षराला एकच उच्चार," मी ठणकावलं.

शेजारच्या टेबलावर कंपनीच्या युनिफॉर्ममधला एक माणूस बशीतल्या चहावर फुंकर घालत होता. चहा संपवून तो उठला आणि आमचंच पेन उचलून आमच्या टिपणांच्या कागदावर त्यानं 'जग' लिहिलं.

"वाचा."

"जग. म्हणजे दुनिया," मी म्हणालो.

"न्हाई. आजारी माणसाला आपण जग बाबा म्हणतो, ते लिवलंय मी."

पेन ठेवून तो निघून गेला. मी 'जीवन'मधला ज वाचला होता, त्यानं 'जवळ'मधला लिहिला होता. माझ्या भाषेत आता दोन ज आहेत. दुसरा त्याचा आहे, पण त्याचं नाव विचारायचं राहिलं.