एक कॅमेरा, तीन डोळे

लग्नाचे फोटो काढणाऱ्यांकडे किस्से कसे साठतात, ते विचारू नका. मेमरी कार्ड भरलं की रिकामं करता येतं, किस्से रिकामे करायला चहाची टपरी लागते. आणि टपरीवर बसलं की आणखी दोन किस्से घेऊनच माणूस उठतो.

आम्ही तिघं. जुन्नरच्या बाजारपेठेत स्टुडिओ आहे तो नानांचा. वय साठीच्या पुढे, रोलच्या जमान्यापासून लग्नं काढतायत. दुसरा डिंगोऱ्याचा पोपट, एरवी शेती आणि सीझनला व्हिडिओ. तिसरी मी, सुनीता. फोटोही काढते आणि अल्बमही बनवते. चांगला कॅमेरा तिघांत एकच, त्यामुळे भांडायला विषय शोधावा लागत नाही.

*

डिंगोऱ्यातलीच एक हळद होती. मांडव पिवळा, साड्या पिवळ्या, नवरी तर नखशिखांत पिवळी. मी नवीन होते, कॅमेरा सगळा ऑटोवर ठेवून बिनधास्त काढत सुटले. कॅमेऱ्याला वाटलं, एवढं पिवळं असणं काही बरोबर नाही. त्याने रंग आपल्या मनाने दुरुस्त केला. नवरीच्या आजीने फोटो पाहिले आणि विचारलं, "येवढी हळद लावली ती गेली कुटं?"

तेव्हापासून नानांचा नियम झाला. कार्य सुरू व्हायच्या आधी कॅमेऱ्याला पांढरं म्हणजे काय ते दाखवायचं, म्हणजे बाकीचे रंग तो नीट धरतो. यालाच व्हाइट बॅलन्स म्हणतात. त्यासाठी बाजारात कार्ड मिळतं, पण नाना मांडवातली सगळ्यात स्वच्छ धुतलेली पांढरी टोपी शोधतात. "पावणं, जरा टोपी बघू," म्हणतात, जवळून एक फोटो घेतात आणि कामाला लागतात.

एका लग्नात त्यांनी नवरदेवाच्या मामांची टोपी अशी घेतली. पाच मिनिटांत मुलीचे मामा समोर हजर. टोपी काढून दोन्ही हातांवर धरलेली.

"आमच्या बी टोपीचा काढा," ते म्हणाले. "मुलीकडचे हाय म्हून मान नाय व्हय आमाला?"

नानांनी काढला. आता प्रत्येक लग्नात दोन टोप्यांचे फोटो काढतो. व्हाइट बॅलन्सला एक पुरते, दुसरी सोयरिकीसाठी.

*

पोपटने एकदा नवी लेन्स आणली. तिचं अ‍ॅपर्चर, म्हणजे आतली उजेडाची खिडकी, पार एक पॉइंट आठपर्यंत उघडायचं. हा आकडा जेवढा लहान, तेवढी खिडकी मोठी. एवढी उघडली की समोरचा माणूस लख्ख आणि मागचं सगळं धूसर येतं. एकट्या नवरीच्या फोटोला झकास. गड्याने त्याच आकड्यावर आंबेगावातल्या एका घराण्याचा तीन ओळींचा ग्रुप फोटो काढला. खुर्च्यांवर म्हातारी माणसं, मध्ये लेकी-सुना, मागे चार जावई.

आठवड्याने थोरले जावई अल्बम घेऊन स्टुडिओत आले. "आमी चौघं जावई हाय का भुतं?"

पोपट जराही डगमगला नाही. "दाजी, ही आजकालची इष्टाइल हाय."

"मंग फुडं बसलेल्या सासऱ्याला का नाय लावली ती इष्टाइल?"

नानांनी पोपटच्या लेन्सच्या पिशवीवर मार्करने लिहून दिलं: जावई असतील तर आकड्याने आठच्या खाली उतरू नये.

*

आता एका चाकाचा किस्सा. एकदा सकाळी मी कॅमेरा डोळ्याला लावला तर सगळं अंधुक. लेन्स पुसली, बदलली, तरी अंधुक; म्हणजे बिघाड बॉडीत, खुद्द कॅमेऱ्यात. पोपट एसटीने पुण्याला दुरुस्तीला घेऊन गेला. तिथल्या माणसाने व्ह्यूफाइंडरशेजारचं, म्हणजे डोळा लावतो त्या काचेशेजारचं, मुगाच्या दाण्याएवढं चाक नखाने फिरवलं आणि कॅमेरा परत दिला. "बिघाड कॅमेऱ्यात नाहीये," तो म्हणाला. "बघणाऱ्याच्या चष्म्याच्या नंबरप्रमाणे हे चाक फिरवायचं असतं. तुमच्यात कोणीतरी फिरवलंय."

तिघांचे नंबर तीन. मग आम्ही चाकाभोवती खुणा केल्या. माझी लाल, पोपटची पांढरी, नानांची निळी. कॅमेरा हातात घ्यायचा, चाक आपल्या खुणेवर आणायचं, की झालं.

पण नानांनी वापरून ठेवलेला कॅमेरा कधी निळ्या खुणेवर सापडेना. चाक महिन्या-दोन महिन्यांनी थोडं पुढेच. विचारलं की नाना म्हणायचे, "चाक ढिलं झालंय." दिवाळीपर्यंत ते शेवटच्या टोकाला जाऊन थांबलं. मला कळलं होतं, पण नानांना तोंडावर कोण सांगणार? मी आपली त्यांनी जुन्या सवयीने हाताने फोकस करून काढलेल्या फोटोंतले तेवढे स्पष्ट आलेले निवडत राहिले.

*

पुढे एका जोडप्याचे लग्नाआधीचे फोटो काढायला आम्ही भीमाशंकरला गेलो. सकाळी एवढं दाट धुकं की कॅमेऱ्याचा ऑटोफोकस नुसता पुढे-मागे करत होता, धरायला काही सापडेना. नाना म्हणाले, थांबू. थांबलो. चहा झाला, भजी झाली. जोडपं डोंगराच्या कडेला जाऊन उभंही राहिलं.

नाना कॅमेऱ्यातून बघत म्हणाले, "आजून थांबू. धुकं लई हाय."

पोपटने माझ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "नाना, धुकं जाऊन अर्धा तास झाला."

नानांनी कॅमेरा खाली घेतला. मग म्हणाले, "बाजारात सांगू नका. नानाला दिसत नाय म्हनले की पुढच्या सीझनला कोन बोलवंल? फोटो सोडून मला येतंय काय?"

त्या माणसाला एवढं घाबरलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. उरलेले फोटो मी काढले आणि संध्याकाळी सरळ जाऊन नानांच्या बायकोला, काकूंना, सांगितलं. नाना चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

*

मोतीबिंदू पिकलेला होता. काकूंनी धरून नेलं म्हणूनच नाना दवाखान्यात आले; पोपट आणि मी मागोमाग. डॉक्टर बाई समजावून सांगत होत्या, नाना भिंतीकडे तोंड करून बसलेले.

"डोळ्यातलं जुनं भिंग काढायचं आणि नवी लेन्स बसवायची," बाई म्हणाल्या.

लेन्स म्हटल्यावर नाना वळले. "झूम हाय का?"

"नाही, फिक्स. लांबचं स्वच्छ दिसेल. वाचायला चष्मा लागेल."

"फिक्सच बरी. झूमपेक्षा शार्प असती," नाना आम्हाला म्हणाले. माझ्याशी चार दिवसांनी पहिल्यांदा बोलले ते हे. मग एकदम काळजीत पडून त्यांनी बाईंना विचारलं, "पन बॉडी लई जुनी हाय, बाई. बसंल का?"

बाई म्हणाल्या, "याच्यापेक्षा जुन्या बॉड्यांना बसवल्यात मी."

नानांनी तिथल्या तिथे तारीख घेतली.

*

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढायची होती. पोपट आणि मी दाराशी उभे होतो. इथं काही चुकलं असतं तर नानांना पुन्हा तोंड दाखवायची माझी हिंमत झाली नसती.

बाईंनी बोटं दाखवली, नानांनी मोजली. भिंतीवरचा तक्ता त्यांनी वरून खालपर्यंत वाचला. पोपटने तिथेच मला टाळी दिली. मग बाई बाजूला झाल्या आणि मागे उभ्या असलेल्या काकू समोर आल्या.

नाना बघत राहिले. काकूंनी पदर सारखा केला.

"अवो, दिसतंय का नाय?"

"दिसतंय."

"मंग येवढं काय बघताय?"

नाना खुर्चीवरून उठले आणि दोन पावलं मागे सरकले.

"खिडकीकडं तोंड कर जरा," ते म्हणाले. "हनवटी खाली. हां. आता हलू नको."

त्यांच्या हातात काहीच नव्हतं. काकू हलल्या नाहीत.