शेताचा दणका

काचबिंदूनं अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, नजर गेली. दर महिन्याला मी त्यांना तपासणीसाठी बिलोलीहून नांदेडला न्यायचो. माझी गाडी रुबाबदार, पण तिच्या स्प्रिंगा भारी कडक. खड्ड्यागणिक अण्णा सीटवर आपटायचे, एका खड्ड्याला तर हातच जोडायचे, आणि मी रस्ता करणाऱ्यांना तोंड भरून शिव्या घालायचो.

शेवटी एकदा तपासणी झाल्यावर अण्णांना घेऊनच नांदेडला शॉकअप आणि स्प्रिंगा बदलायला गेलो. गॅरेजवाला म्हणाला, "कडकच राहू द्या, वळणावर गाडी रस्ता धरून राहते." मी हट्टानं सगळ्यात मऊ बसवून घेतले.

परतताना गाडी झोक्यासारखी चालली. मी फुशारकीनं विचारलं, "अण्णा, लागला का एक तरी दणका?"

"न्हाई," ते म्हणाले. बऱ्याच वेळानं पुटपुटले, "कुठं आलो, काहीच कळून न्हाई राहिलं. दणके मोजत यायचो मी. पुलाचे दोन, मग आपल्या शेताचा. शेत मागं गेलं का रे?"

शेत केव्हाच मागं पडलं होतं. माझ्या तोंडून निघालं, "यायचंय अजून."

अण्णांनी चाचपडत काच खाली केली आणि हात जोडून वाट बघत बसले.