दादाच्या कोटातला गूळ

आमचा दादा चिडका. बारामतीच्या एका दवाखान्यात कंपौंडर होता, आणि औषधाआधी शिव्या द्यायचा. "हलवून घे म्हंजे बाटली हलीव, तू नगं हलूस!" पेशंट हसायचे आणि पुन्हा त्याच्याकडेच यायचे.

चाळिशीत त्याला साखरेचा आजार झाला. रोज सकाळी सुई उकळून इन्शुलिन स्वतःच्या मांडीत टोचून घ्यायचा, आणि तरी कोटाच्या खिशात गुळाचा खडा! मी ओरडले, तर माझ्यावरच खेकसला. "सखे, सुई घेतल्यावर जेवान लांबलं की साखर पार उतरती. घाम फुटतो, हात कापत्यात, डोकं फिरतं. तवा भाकरी न्हाय, शेंगदाणं तर न्हायच न्हाय. त्येंचा गुण यायला लई येळ लागतो. आधी गूळ, पाण्यात कालवून. मानूस भानावर आलं, की मग भाकरी. ध्यानात ठिव."

कशाचं ध्यान! गोडाचा रोगी गूळ खातो, हे माझ्या गळी उतरेना. चोरून खायला बहाणा शोधलाय, असंच मी धरून चालले होते.

एका एकादशीला तो निरवांगीला आमच्याकडे यायला निघाला. वाटेत बैलगाडीचा आस मोडला, पोचेपर्यंत दुपार टळली. त्याचा कोट खुंटीला अडकवताना मी खिशातला गूळ काढला आणि गाईपुढं टाकला. केवढं माझं शहाणपण! भगर अजून शिजत होती. दादा कपाळाचा घाम पुसत म्हणाला, "गूळ आन." मी उपासाचे भाजके शेंगदाणे पुढं केले. त्यानं ताटली भिरकावली. "गूळ आन म्हनतो न्हवं, भवाने!"

मीही चिडले. "न्हाय द्यायची! इख हाय ते तुला."

जन्मभर तो चिडतच आला होता. आजचा राग त्याचा नव्हता, उतरलेल्या साखरेचा होता, हे मला मेलीला कळलं नाही. भिंतीला टेकलेला दादा तसाच खाली घसरला. आमच्या मालकांनी फीट समजून त्याच्या नाकाला कांदा लावला. मला त्याचं बोलणं आठवलं. मी गूळ पाण्यात कालवून आणला, तोवर दातखीळ बसली होती. सगळं पाणी गालावरून ओघळलं. दिवस मावळायच्या आत दादा गेला.

दुखवट्याला आळीतल्या बायका जमल्या. "गोडानं गेला बिचारा," एक म्हणाली. बाकीच्यांनी माना डोलावल्या. माझ्या अंगाचा भडका उडाला.

"गोडानं न्हाय गं बायांनो, गोडावाचून गेला! त्येच्या वाटनीचा गूळ म्या गाईला घातला!"